मुका पाय

त्या दिवशी सकाळपासून माझं आणि दांडगीचं वाजलं होतं. मी शिवून रचून ठेवलेल्या पोत्यांवर ही बया चढली आणि छताच्या वाशांना हात लागतो का ते बघायला लागली. "उतर खाली," मी म्हटलं. "माझी एक शिवण उसवली ना, तर तुझं तोंड शिवून टाकीन." तर म्हणते कशी, "शिव की मावशी. तेवढीच बाबांना शांतता." आता असल्या पोरीवर रागवायचं तरी कसं? उडी मारली तिनं. खाली आली तेव्हा डावा पाय मुडपला आणि ती गुडघ्यावर बसली. हसत हसत उठली. मीही हसले. तेव्हा काही वाटलं नाही.

गोदाम आमच्या गावाच्या टोकाला, शेतं संपतात तिथं. सुगी उरकून रानं मोकळी पडलेली, आणि आठवडाभर असा कोरडा वारा सुटला होता की डोळ्यात, कानात, चहात, सगळीकडे माती. आभाळ पिवळट झालेलं. पाखरूसुद्धा बसत नव्हतं बांधावर. मी दाराशी उजेडात बसून फाटकी पोती शिवते, वीस वर्षं झाली. समोरून टोळी येते-जाते. नऊ हमाल आणि दहावी दांडगी. टोळीचा म्होरक्या म्हणजे तिचा बाप. सगळे मेले टाच आपटत चालतात. धाड, धाड, धाड. दिवसभर ऐकून माझं डोकं उठतं. मला वाटायचं माज आहे यांना, जमिनीलासुद्धा दम देत चालतात.

दांडगी एकोणीस वर्षांची. आई लहानपणीच गेली, बाप दिवसभर पोत्याखाली, मग पोरगी इथंच वाढली, माझ्या डोळ्यांसमोर. चौदाव्या वर्षी तिनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं. म्होरक्यानं आधी शिव्या घातल्या, मग एक गडी आजारी पडला तेव्हा गप्प बसला. पुढं एकदा शाळेचे खेळाचे मास्तर धान्य न्यायला आले होते. त्यांनी बघितलं की ही पोरगी साठ किलोचं पोतं कुणाच्या हाताशिवाय खांद्यावर घेते. मास्तर धान्य विसरले. दुसऱ्या दिवशी लोखंडी दांडा आणि चकत्या घेऊन गोदामाच्या मागं हजर. तेव्हापासून सकाळी पोती आणि संध्याकाळी लोखंड. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली. आता राज्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती.

गोदामाची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पोतं पाठीवर घेतलेल्या माणसाला आपल्या पायांशिवाय काही दिसत नाही. थप्पीवरचा गडी पोत्याला हात घालतो आणि म्हणतो, "सोड." मग सोडायचं. त्याआधी जीव गेला तरी सोडायचं नाही. म्होरक्याच्या सख्ख्या भावाचा पंजा असाच चेंगरला होता, कुणीतरी उगाच चेष्टेनं सोड म्हटलं म्हणून. तेव्हापासून आमच्या गल्लीत तो शब्द कुणी सहज तोंडातून काढत नाही. लेकराच्या हातातून काही घ्यायचं तर "दे" म्हणायचं. भांडण मिटवायचं तर "जाऊ दे" म्हणायचं. गिरणीवालीच्या पोरीची सोयरीक मोडली तेव्हाही लोक म्हणाले, "त्यांनी राहू दिलं." आणि तो शब्द कानावर पडला की टोळीतल्या माणसाचे हात आपोआप उघडतात. झोपेतसुद्धा.

तर त्याच दिवशी दुपारी. जेवण करून दांडगी माझ्या शेजारी पाय पसरून बसली आणि मास्तरांची नक्कल करायला लागली. मी एकीकडे हसतेय, एकीकडे शिवतेय. माझी सुई म्हणजे दाभण, चांगली वीतभर. पोतं तिच्या पायावर आलेलं. मी सुई घातली, ओढली, ओढेना. जोर लावला. मग बघते तर पोत्याखाली तांबडं झिरपतंय.

सुई तिच्या पोटरीत गेली होती. चांगली दोन बोटं.

आणि ही बोलतेय! मास्तर शिट्टी कशी फुंकतात, पोट कसं आत घेतात, सगळं चालूच.

"अगं," मी म्हटलं. "अगं, तुला दुखत नाही?"

तिनं खाली बघितलं. सुई बघितली. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे मात्र माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाली, "मावशी, आरडू नकोस. बाबा पलीकडंच आहेत."

सुगीच्या आधीपासून हे चाललं होतं. आधी टाचेला मुंग्या, मग पोटरी जड, मग काहीच नाही. मी तिला बळंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पायाला चिमटे काढले, पाठ दाबून बघितली. म्हणाल्या, "मणक्यात शीर दबलीये. आजपासून ओझं बंद. आत्ता एका पायावर निभावलंय. वाढलं तर पाय जायचीही भीती आहे."

परत येताना बांधावर बसलो दोघी. वाऱ्यानं माती उडत होती, पदरानं तोंड झाकून बोलायला लागत होतं.

"सांगते मी तुझ्या बापाला," मी म्हटलं.

"नको. थांबवतील ते मला."

"थांबवायलाच हवं!"

"मावशी, ऐक. राज्यात पहिली आले तर खेळाच्या वसतिगृहात घेतात. राहायचं, खायचं, शिकायचं तिथंच. मोठे डॉक्टर असतात. तिथं दाखवीन मी पाय. इथं राहिले तर ओझं काय सुटणार आहे का? रोज शंभर खेपा आहेतच. त्यापेक्षा स्पर्धेत फक्त सहा खेपा, की कायमची सुटले."

मला तिचं पटलं. हे मी कबूल करते. आजही रात्रंदिवस तेच मनात येतं, की मला पटलंच कसं? पण खरंच होतं ना, पोरगी म्हणत होती ते. पाय वाचवायचा तर गोदामातून निघायला हवं, आणि निघायचं तर त्याच पायावर उभं राहायला हवं. मी गप्प बसले. तीन आठवडे मी शिवत होते आणि तिचा पाय बघत होते. ती पायरी चढताना आधी पायाकडं बघायची, मग टाकायची. एकदा चप्पल निसटली तर वीस पावलं तशीच चालत गेली. मी चप्पल उचलून पदराखाली धरून तिच्या मागं धावले.

स्पर्धेला टोळीतले सगळेच येणार म्हणून अडून बसले. गोदाम बंद ठेवता येत नाही, शेवटी म्होरक्या आणि मी, दोघंच गेलो. मोठी इमारत, वर पत्रा, आत पाचशे खुर्च्या. मधोमध लाकडी चौथरा. वर दिवे असे की डोळे दिपावेत. म्होरक्यानं स्वच्छ सदरा घातला होता आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. हातात ओझं नसलं की हमाल असाच अवघडतो.

दोन प्रकार होते, प्रत्येकाच्या तीन-तीन खेपा. पहिल्यात दांडा एका झटक्यात डोक्यावर न्यायचा. त्यात दांडगी दुसरी आली. एक उंच शहरी पोरगी पहिली होती, तिच्या पाठीशी चारजण पाणी आणि टॉवेल घेऊन फिरत होते. दुसऱ्या प्रकारात दांडा आधी छातीवर घ्यायचा, मग एक पाय पुढं एक मागं टाकून वर न्यायचा, पाय जुळवायचे आणि पंचांची घंटी होईपर्यंत धरून उभं राहायचं.

"म्हणजे आपल्यासारखंच," म्होरक्या मला म्हणाला. "घंटी म्हणजे थप्पीवरचा गडी."

पहिली खेप सहज झाली. म्होरक्यानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुढच्या खुर्चीवर गेले.

दुसरी खेप शंभर किलोची. दांडगीनं दांडा छातीवर घेतला. श्वास घेतला. वर नेला. डावा पाय पुढं पडला. पाय सरळ पडलाच नव्हता. पंजा आत वळून कडेवर पडला होता, घोटा जमिनीकडं झुकलेला, आणि वर शंभर किलो. तिचं तोंड शांत होतं. तिला माहीतच नव्हतं! कळत असतं तर कुणीही किंचाळलं असतं. घोटा आणखी झुकला. आणि मी खुर्चीवरून उठून ओरडले, "सोड!"

गोदामातला आवाज माझा. वीस वर्षं नऊ हमालांच्या वर बोललेला. सगळ्या इमारतीत घुमला.

तिचे हात उघडले. दांडा धाडकन पडला. घंटी झालीच नव्हती. समोर तीन तांबडे दिवे लागले, म्हणजे खेप बाद.

ती आमच्याकडं वळली. रागानं नाही. सोड ऐकून पोतं सोडावं आणि थप्पीवर गडीच नसावा, तशी बघत राहिली.

म्होरक्यानं माझं मनगट धरलं. "आक्का, काय केलंस हे? तो शब्द? तू?"

मग मी सांगितलं. सगळं. सुई, दवाखाना, शीर, चप्पल. लोक वळून वळून बघत होते आणि मी रडत सांगत होते. "आता एकच खेप राहिलीये. जा, थांबव तिला. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही ती."

तो उठला. आत जायच्या दारावर रखवालदार होता, कुणालाच आत जाऊ देत नव्हता. म्होरक्यानं भिंतीला उभी केलेली रबरी चटईची गुंडाळी पाठीवर घेतली, मान खाली घातली आणि सरळ आत चालायला लागला. रखवालदारानं उलट दार धरलं. मी एक टोक धरल्यासारखं करून मागोमाग गेले.

दांडगी आत बाकावर बसली होती. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसून बोलत होते. "ती शहरातली पोरगी पुढं गेलीये. आता एकशे दोन उचललंस तरच पहिली. नाहीतर तिसरी." मला बघून दांडगीनं तोंड फिरवलं.

म्होरक्यानं चटई ठेवली. तिच्या पायाशी बसला. डावा बूट काढला, मोजा काढला. नखानं तळव्यावर रेघ ओढली. बोटं हलली नाहीत.

"कधीपासून मुका आहे?" त्यानं विचारलं.

"सुगीच्या आधीपासून." ती रडायच्या बेतात. "बाबा, मला थांबवू नका. एकच खेप."

आणि म्होरक्या हसला. देवाशपथ सांगते, हसला. त्याचा सगळा चेहरा सैल झाला.

"हात्तिच्या, वेडे! एवढंच? आणि ही आक्का मला सांगते असं की मी म्हटलं पोरगी चालली. अगं, मुका पाय! आपल्या टोळीत सगळ्यांचेच मुके आहेत. माझा वीस वर्षं झाली. माझाही डावाच आधी गेला. पाय मुका झाला म्हणजे हमाल पक्का झाला, असं माझ्या बापानं मला सांगितलं होतं. मला वाटलं, पोरीची जात, तुझा नाही व्हायचा." त्यानं तिच्या तळव्यावर थाप मारली. "झालास की रे गड्या."

"अरे म्होरक्या!" मी म्हटलं. "डॉक्टरीण म्हणाली पाय जाईल!"

"जाईल म्हणजे कुठं जाईल? माझे बघ. आहेत ना जागेवर?"

मास्तर एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. "हे काय चाललंय? पायाला काही झालंय का? पोरी, काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही मास्तर. आमचं घरचं," म्होरक्या म्हणाला. मास्तरांनी घड्याळाकडं बघितलं. मध्ये दोनच पोरींच्या खेपा होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मीही पुढं होऊन त्यांना सांगितलं नाही. तोंडावर आलं होतं, पण मघाशी एकदा तोंड उघडून मी त्या पोरीचं काय केलं होतं ते समोर दिसत होतं.

म्होरक्या तिला मोजा घालत होता आणि बोलत होता, शांतपणे, जसा नव्या गड्याशी बोलतो. "चुकलीस कुठं सांगू? तू पायाला विचारत होतीस. मुक्याला विचारून काय उपयोग? कानाला विचार. टाच आपटायची. आवाज खणखणीत आला तर पाय सरळ आहे. बद्द आला तर वाकडा. बद्द आला की वरचं ओझं हलवायचं नाही, पाय उचलायचा, पुन्हा आपटायचा. आम्ही काय हौसेनं आपटतो का टाचा? ही आक्का वीस वर्षं बडबडतेय आमच्या नावानं."

मी भिंतीला टेकले. धाड, धाड, धाड. वीस वर्षं माझ्यासमोरून गेली ती सगळी माणसं. त्यांतल्या एकालाही पायाखाली काय आहे ते कळत नव्हतं आणि मी त्यांना माजोरी म्हणत होते.

दांडगीनं उठून टाच आपटली. ऐकलं. पुन्हा आपटली. बापाकडं बघून हसली. तिच्या तोंडावरची भीती गेली होती, ती सगळी माझ्या पोटात येऊन बसली.

एकशे दोन किलो. ती चौथऱ्यावर आली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पुन्हा एक शब्द निघाला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. दांडा छातीवर घेताना ती डगमगली. उभी राहिली. मान वर. मग वर नेला आणि डावा पाय पुढं आपटला.

बद्द.

पाचशे माणसं गप्प होती, म्हणून मला ऐकू आलं. तिलाही. वरचे हात ताठ ठेवून तिनं तो पाय उचलला. एका पायावर ती आणि एकशे दोन किलो. दुसऱ्यांदा आपटला. आवाज खणखणीत आला. मग तिनं पाय जुळवले आणि उभी राहिली. हात थरथरत होते, नाकातून पाणी येत होतं, ती उभी होती. घंटी झाली. तिनं दांडा खाली ठेवला. तीन पांढरे दिवे.

म्होरक्या ओरडला नाही. त्यानं फक्त टाच आपटली. मग रडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात पोचलो तेव्हा वारा तसाच होता. टोळीनं वेशीवरून ट्रॉलीत बसवून तिला आणलं. गळ्यात पदक, डोळ्यांत माती, अंगावर हार. बायका, म्हातारे, सगळं गाव गोदामाच्या अंगणात जमलं. ज्यांनी तिला दांडगी हे नाव ठेवलं होतं तेच आता "आमची दांडगी" म्हणून एकमेकांना ढकलून पुढं येत होते. वसतिगृहाचं पत्र मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. महिन्याभरात जायचं. तिथं थेट देशाच्या स्पर्धेची तयारी. "आता वजन वाढवायचं," मास्तर म्हणाले. "एकशे पंधरापर्यंत नेऊ." टोळीनं टाळ्या वाजवल्या.

"आणि डॉक्टर?" मी विचारलं. "तिथले डॉक्टर कधी बघणार तिला?"

"डॉक्टर कशाला?" म्होरक्या म्हणाला. "पोरगी धडधाकट आहे. उगाच तिथं जाऊन काही सांगत बसली तर घेणार नाहीत." आणि दांडगीनं मान हलवली. बांधावर मला दिलेला शब्द ती विसरली नव्हती. तिला आता त्याची गरजच वाटत नव्हती. बापानं सांगितलं होतं ना, पाय जागेवर आहेत म्हणून.

गिरणीवाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "राज्यात पहिली आली बाई. आता काय, हिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत."

सगळं अंगण हसलं. दांडगी सगळ्यांत जास्त हसली. "खरंच लागत नाहीत काकू," ती म्हणाली. लोक आणखी हसले. मी हात धरून तिला गर्दीतून ओढलं आणि माझ्या जागेवर, दाराशी, पोत्यांवर बसवलं.

मी तिच्या पायाशी बसले. मनाशी ठरवलं होतं, आज गिळायचं नाही. मास्तरांना बाजूला घ्यायचं, सगळं सांगायचं, मग म्होरक्या मला गोदामातून हाकलो नाहीतर काही करो. तेवढ्यासाठी धीर गोळा करत मी तिच्या बुटांच्या नाड्या उकलत होते. ती समोरच्या गर्दीकडं बघून बोलत होती. वसतिगृहात प्रत्येकीला खाट असते म्हणे. पंखा असतो. एकशे पंधरा जमेल का गं मावशी, जमेल, बाबांनी युक्ती सांगितलीये ना.

"जमेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

"मावशी," ती म्हणाली, "किती वेळ नाड्यांशी खेळतेस? डावा राहू दे, त्याचं काही नाही. उजवा तरी काढ आधी. कालपासून घातलाय, तो चावायला लागला असेल आता."

उजवा बूट मी केव्हाच काढून ठेवला होता. तिचा उघडा पाय माझ्या दोन्ही हातांत होता.